साठवलेले ऊन : सणसर परिसरात मळ्याची ऊब राखण्याच्या रीतींचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले सणसर हे गाव महाराष्ट्राला प्रामुख्याने दोन कारणांनी ठाऊक आहे. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम येथे असतो, आणि गावालगत भवानीनगर येथे छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडील गावांच्या पाण्याचा प्रश्न निघाला की ‘सणसर कट’ हे नावही हमखास ऐकू येते. या पट्ट्याचा इतिहास बहुधा पाण्याचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु साठवलेल्या पाण्याबरोबर, साचलेल्या ओलाव्याबरोबर आणि उभ्या राहिलेल्या मळ्यांबरोबर येथे आणखी एक गोष्ट साठवली जात होती, ती म्हणजे दिवसाची ऊब. अलीकडे हरितगृहाच्या, म्हणजेच पॉलीहाऊसच्या संदर्भात ‘सौर उष्णतासंचय’ असे भारदस्त नाव ज्या तंत्राला दिले जाते, त्याचे मूळ तत्त्व या परिसरातील बागायतदारांच्या हातात फार पूर्वीपासून होते. त्याकडे स्वतंत्र विद्या म्हणून मात्र कोणी पाहिले नाही, आणि म्हणूनच नव्या हरितगृहांच्या आराखड्यात त्याला जागा मिळाली नाही.

उष्णतासंचय म्हणजे दुपारी गरजेपेक्षा जास्त मिळणारी सूर्याची उष्णता एखाद्या जड पदार्थात मुरवून ठेवणे आणि तोच पदार्थ रात्री हळूहळू निवत असताना तिचा लाभ घेणे. हा पदार्थ पाणी असू शकतो, दगड असू शकतो, मातीची भिंत किंवा ओली जमीनही असू शकते. त्यांपैकी पाण्याची ताकद सर्वांत मोठी आहे, कारण एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण निम्म्या उष्णतेत तेवढ्याच आकारमानाचा काळा पाषाण एक अंशाने तापतो. दगडांचा ढीग घेतल्यास मधल्या पोकळ्यांमुळे हे प्रमाण आणखी खाली येते. संचयाचा विचार करताना पाणी अग्रस्थानी ठेवावे लागते ते यामुळे, आणि ज्या प्रदेशाचे सारे जीवन पाणी अडवण्या-साठवण्यातच गेले, त्या प्रदेशात ही विद्या नकळत वाढली यात नवल नाही.

थंडीचा प्रश्न या भागाला कितपत लागू पडतो, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक आहे, कारण बारामती-इंदापूर म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो उन्हाळा. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात हवा कोरडी आणि हिवाळ्यातील आकाश निरभ्र असते. दिवसा जमिनीने घेतलेली उष्णता रात्री उघड्या आकाशाकडे किरणांच्या रूपाने निघून जाते, आणि तिला अडवायला ढगही नसतो, पुरेसे बाष्पही नसते. परिणामी डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान असलेल्या शिवारात पहाटे पारा १० ते १२ अंशांवर येतो आणि थंडीच्या लाटेत एक आकडी होतो. माणसाला हा गारठा शेकोटीने सुसह्य होतो, पिकाला होत नाही. उसाच्या डोळ्याची उगवण २७ ते ३३ अंशांच्या दरम्यान जोमाने होते आणि त्याखाली ती मंदावत जाते, म्हणूनच जानेवारी-फेब्रुवारीतील सुरू लागणीची उगवण आडसालीपेक्षा रेंगाळते. द्राक्षाची वाढ १० अंशांच्या खाली जवळजवळ थांबते आणि मण्यांची फुगवण अडते, तर केळीचा पोंगा आणि नागवेलीचे पान कडाक्याच्या थंडीत करपते. दिवसाच्या उन्हाची येथे कधीच टंचाई नव्हती. अडचण होती ती मध्यरात्र ते सूर्योदय या पाच-सहा तासांची.

या अडचणीवरचे सर्वांत जुने आणि सर्वांत देखणे स्थानिक उत्तर पानमळ्यात सापडते. सणसरहून इंदापूरच्या वाटेवर असलेले निमगाव केतकी हे गाव खाऊच्या पानांसाठी प्रसिद्ध आहे, आणि पालखीच्या वाटेवरचे असल्यामुळे वारकऱ्यांनाही ते परिचित आहे. पानमळ्याची शेती ही पिढीजात कौशल्याची शेती होती. तिरगुळ ब्राह्मण हा समाज तर एके काळी या व्यवसायासाठीच ओळखला जात असे. पानमळा बाहेरून पाहिला तर तो झाडांचा एक दाट चौकोन दिसतो. आत शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा अशी सरळ वाढणारी झाडे ओळीने व अगदी जवळजवळ लावलेली असतात, त्यांच्या खोडांवर नागवेल चढवून जागोजाग बांधलेला असतो आणि चारही बाजूंना उंच झाडांचे किंवा ताट्यांचे कुंपण असते. आत शिरणारा माणूस दुपारी गारवा अनुभवतो आणि पहाटे ऊब, आणि या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. वरच्या पानोळ्याचे छत दिवसा ऊन गाळून देते आणि रात्री जमिनीतून आकाशाकडे जाणारी उष्णता अडवून धरते. कुंपण वाऱ्याला रोखते, त्यामुळे आतली हवा बदलत नाही. आणि थोडे थोडे पण वरचेवर दिले जाणारे पाणी जमीन सतत ओली ठेवते, त्यामुळे ती दिवसभरात सावकाश तापते व रात्रभरात तितकीच सावकाश निवते.

पानमळ्याच्या कामात वर्षातून एकदा वेल उतरवण्याचा जो विधी असतो, तो या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. उंच गेलेला वेल आधारापासून सोडवून खाली घेतात, त्याचा जुना, पाने नसलेला भाग बुंध्याशी वेटोळे करून मातीत पुरतात आणि कोवळा शेंडा तेवढा पुन्हा वर चढवतात. पुरलेल्या पेरांना नवी मुळे फुटतात आणि वेल ताजातवाना होतो, हा त्याचा मुख्य हेतू. त्याच वेळी वेलाचा मोठा भाग अशा ठिकाणी जातो, जेथे दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक फार कमी असतो. जमिनीत एक-दीड फूट खोल गेले की दिवसाच्या उन्हाचा आणि रात्रीच्या गारठ्याचा चढउतार जवळजवळ पुसला जातो, हे मृदाशास्त्र आज मोजून सांगते. पानमळेवाल्याने ते न मोजता आपल्या कामाच्या क्रमात बसवले होते. छत, आडोसा आणि संचय ही हरितगृहाची तिन्ही अंगे पानमळ्यात एकत्र नांदतात, आणि त्यांत विकत आणलेली वस्तू जवळजवळ एकही नाही. महाराष्ट्रातील संरक्षित शेतीचा इतिहास प्लॅस्टिकच्या आगमनापासून सांगण्याची जी पद्धत पडली आहे, ती या मळ्यांवर अन्याय करणारी आहे.

घरबांधणीतही हेच तत्त्व दिसते. पूर्व पुणे आणि सोलापूरकडील धाब्याच्या घरांच्या दीड-दोन फूट जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती दुपारचे ऊन आत पोहोचू देईपर्यंत रात्र झालेली असते. घराला मिळालेला हा लाभ रोपांच्या वाफ्याला कधी मिळाला नाही, कारण मातीच्या भिंतीआड रोपे वाढवायची तर वर उजेड जाऊ देणारे छत हवे, आणि स्वस्त पारदर्शक छत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या भागात नव्हते. रोपांसाठी गादीवाफा करायचा, त्यावर रात्री पाचट किंवा ताटी झाकायची आणि सकाळी उघडायची, एवढ्यावरच शेतकऱ्याला भागवावे लागे.

या परिसराच्या जमिनीची पद्धतशीर नोंद मात्र इतर भागांच्या आधी झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी महसुली मोजणी सुरू केली, तीच पुढे मुंबई इलाख्यातील पाहणी पद्धतीचा नमुना ठरली, आणि तिच्यात जमिनीची प्रतवारी तिचा रंग, पोत आणि खोली पाहून नऊ वर्गांत केली जात असे. हेतू अर्थातच शेतसारा ठरवण्याचा होता. पण खोल काळी जमीन पहिल्या प्रतीची आणि उथळ बरड जमीन शेवटच्या प्रतीची, हा क्रम ओलावा धरण्याच्या शक्तीचा जसा आहे, तसाच ऊब धरण्याच्या शक्तीचाही आहे. काळा रंग ऊन अधिक शोषतो, खोल व ओल्या मातीत ते खालपर्यंत उतरते, आणि कोरड्या मुरमाड जमिनीत ते वरच्या दोन-चार बोटांतच अडकून संध्याकाळ होताच उडून जाते.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने या जमिनीचे नशीब पालटले. दुष्काळी काम म्हणून नीरा कालव्याची खोदाई सुरू झाली, १८८५ च्या सुमारास वीर येथील बंधाऱ्यातून डाव्या कालव्याचे पाणी सुटले आणि पुरंदर, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यात मोडणारी बारामती व इंदापूर असा शंभरावर मैलांचा प्रवास करू लागले. त्यामागे भाटघरचे धरण उभे राहिले, आणि १९२८ मध्ये तेथे मोठे नवे धरण पूर्ण झाल्यावर कालव्याला बारमाही आधार मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर फेरपालटाच्या ‘ब्लॉक’ पद्धतीचा पुरस्कार केला. सासवडकडील माळी समाजातील कसबी बागायतदार खंडाने जमिनी घेत कालव्याच्या कडेने पूर्वेकडे सरकले, त्यांच्या बरोबर ऊस आणि गुऱ्हाळे आली, १९३० च्या दशकात वालचंदनगरची साखर आली आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. हा सारा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. येथे त्यातील उष्णतेचा धागा तेवढा घ्यायचा आहे.

तो धागा विहिरीत सापडतो. कालव्याच्या पाझराने लाभक्षेत्रातील विहिरींना पाणी वाढले आणि मोटा अधिक काळ चालू लागल्या. हिवाळ्याच्या पहाटे मोटेचे पाणी थारोळ्यात पडले की त्यातून वाफ निघताना दिसे आणि त्यात हात घातला तर ते कोमट लागे, हा अनुभव या भागातील प्रत्येक जुन्या शेतकऱ्याला आहे. त्याचे कारण असे, की जमिनीत काही मीटर खोलीवरचे तापमान वर्षभर त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीच्या जवळ, म्हणजे या भागात २५-२६ अंशांच्या आसपास स्थिर राहते. वर हवा दहा अंशांवर असली तरी विहिरीतील पाण्याला त्याची दखल नसते. एका एकरावर केवळ एक सेंटिमीटर पाणी पसरले तरी ते सुमारे ४० हजार लिटर होते, आणि ते दहा अंशांनी निवले तर साडेचारशेहून अधिक युनिट उष्णता शेतात सुटते. येथे युनिट म्हणजे विजेच्या बिलात येते तेच. तेवढी उष्णता लाकूड जाळून मिळवायची तर शंभर किलोपेक्षा अधिक वाळलेले सरपण लागेल, आणि तेही त्यातील कणभर उष्णता वाया गेली नाही असे गृहीत धरून. थंडीच्या रात्री बागेला पाणी द्यावे, ही आज कृषितज्ज्ञ द्राक्ष बागायतदारांना देत असलेली शिफारस या हिशेबावर उभी आहे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता खोलवर घेते, रात्री ती अधिक सहजपणे वर पाठवते, आणि पाणी स्वतःची ऊब वेगळी आणते.

या शिफारशीच्या जोडीला बागेत शेकोट्या पेटवून धूर करण्याचा सल्लाही दिला जातो. त्यात जाळाची ऊब आणि त्यामुळे हवेत होणारी घुसळण उपयोगी पडते. निव्वळ धुराचा पडदा मात्र जमिनीतून निघणाऱ्या किरणांना फारसा अडवत नाही, हे जगभरातील प्रयोगांतून स्पष्ट झाले आहे. ओले पाचट जाळून शिवार धुराने भरून टाकण्यापेक्षा विहिरीचे पाणी सोडणे केव्हाही अधिक लाभाचे. पाचटाच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सऱ्यांत पसरलेले पाचट ओलावा राखते आणि जमिनीचा कस वाढवते, म्हणून उसात ते ठेवणे हिताचेच आहे. परंतु तेच आच्छादन दिवसा ऊन जमिनीपर्यंत जाऊ देत नाही आणि रात्री जमिनीची ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे थंडीला नाजूक असलेल्या पिकात कडाक्याच्या दिवसांत मोकळी, ओली जमीन अधिक उबदार राहते.

पाण्याची ही शक्ती अमर्याद वापरली की उलटते, याचाही धडा याच खोऱ्याने दिला. कालवा आल्यावर काही वर्षांतच अतिसिंचनाने आणि निचऱ्याच्या अभावाने नीरेच्या खोऱ्यातील जमिनी चोपण व खारवट होऊ लागल्या, आणि डॉ. हॅरॉल्ड मान व व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये या क्षारजमिनींवर अभ्यासपूर्ण पुस्तिका प्रसिद्ध केली. पाण्याने फुगलेली जमीन केवळ क्षारांमुळे नापीक होत नाही. ती सकाळी लवकर तापत नाही आणि मुळांना हवाही मिळू देत नाही. ऊब साठवण्यासाठी ओलावा हवा, चिखल नको, हा भेद येथील शेतकऱ्याला मोठी किंमत मोजून शिकावा लागला.

ज्या वर्षांत नीरेकाठी दुष्काळी कामावर लोक माती उपसत होते, त्याच वर्षांत मुंबईत सूर्याच्या उष्णतेचे पहिले गंभीर यांत्रिक प्रयोग चालू होते, हा योगायोग उल्लेखनीय आहे. मुंबई उच्च न्यायालयात नोकरीस असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज गृहस्थाने मधल्या कुलाब्यात आरशांच्या साहाय्याने पाणी उकळून अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र चालवले, आठ आरशांची सूर्यचूल बनवून जानेवारी महिन्यात सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजवून दाखवला, आणि १८७८ मध्ये उष्ण देशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता कशी वापरता येईल, यावर पुस्तक लिहिले. अ‍ॅडम्सचा विचार आग, वाफ आणि यंत्र यांच्या भाषेत होता. त्याला हवी होती ती उंच तापमानाची उष्णता. शेतीला लागणारी ऊब त्याहून फार सौम्य असते. नऊ-दहा अंशांवर उतरलेले वाफ्याचे तापमान पंधरा-सोळा अंशांवर टिकले तरी रोप वाचते. सौरऊर्जेच्या भारतीय इतिहासात चुली, बंब आणि विजेची तबके यांनाच मानाचे स्थान मिळाले. या सौम्य उष्णतेची नोंद घेतली गेली नाही, कारण तिच्यातून मिरवण्यासारखे यंत्र निघत नाही.

सूर्याची उष्णता पाण्यात साठवून ती नंतर कामाला लावण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग मात्र सणसरपासून फार दूर नसलेल्या, नीरेपलीकडच्या फलटणला झाला. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९८१ पासून डॉ. अनिल राजवंशी यांनी ऊर्जाविषयक काम उभे केले, आणि त्या दशकात तेथे गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल मिळवणारा सौर ऊर्ध्वपातन संच चालवण्यात आला. ऊर्ध्वपातन म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ वेगळी करणे व ती पुन्हा थंड करून शुद्ध द्रव मिळवणे. या संचात सुमारे ३८ चौरस मीटर क्षेत्राचे सपाट सौर तापक होते, त्यांनी तापवलेले पाणी २,१५० लिटरच्या टाकीत साठवले जाई, आणि त्या साठ्याच्या बळावर रोज ३० ते ४० लिटर अल्कोहोल निघत असे. संचाचा प्राण त्या टाकीत होता. ऊन कमी-जास्त झाले तरी टाकीतील पाणी एका लयीत उष्णता देत राहते, म्हणून ऊर्ध्वपातनाची प्रक्रिया खंडित होत नाही. अल्कोहोलच्या जागी रोपांची खोली मानली, तर हीच रचना हरितगृहाची सौर तापनव्यवस्था ठरते, तीही पुष्कळ कमी तापमानावर आणि म्हणून पुष्कळ कमी खर्चात.

हरितगृहे या भागात आली ती १९९१ नंतरच्या खुल्या अर्थव्यवस्थेच्या लाटेत. पुण्याच्या आसपास निर्यातीसाठी गुलाब आणि जरबेरा पिकवणारे प्रकल्प उभे राहिले, तळेगाव दाभाडे येथे फुलशेतीचे उद्यान व प्रशिक्षण केंद्र झाले, २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाच्या अनुदानामुळे दहा-वीस गुंठ्यांची पॉलीहाऊस सामान्य बागायतदाराच्या आवाक्यात आली, आणि १९७१ मध्ये स्थापन झालेल्या बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानाने प्रशिक्षण व प्रात्यक्षिकांद्वारे ती या तालुक्यांत रुजवली. या हरितगृहांचा मूळ नमुना युरोपीय होता, पण तेथील हरितगृहाचा मुख्य खर्च तापवण्याचा असतो आणि येथील मुख्य त्रास दिवसाच्या तापण्याचा. म्हणून भारतीय आराखड्यात बाजूचे पडदे, छतावरची झडप, फॉगर आणि शेडनेट यांना प्राधान्य मिळाले. ते बरोबरच होते. चूक झाली ती पुढच्या टप्प्यात: दुपारी नकोशी म्हणून बाहेर काढून दिलेली उष्णता पहाटे हवीशी वाटते, या विसंगतीकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही.

साधा पॉलिथिनचा कागद रात्री फारसे संरक्षण देत नाही, ही गोष्ट अनेक बागायतदारांना अनुभवाने कळली. उजेडाप्रमाणेच जमिनीतून निघणारी उष्णतेची दीर्घलहरी किरणेही या कागदातून बऱ्याच प्रमाणात आरपार जातात, आणि पूर्ण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री आतील हवा बाहेरच्या हवेइतकीच, क्वचित तिच्याहूनही थोडी थंड होऊ शकते. लडाखमध्ये हा धडा आधी गिरवला गेला. तेथील हरितगृहांना उत्तरेकडे कच्च्या विटांची जाड भिंत असते, तिचा आतला भाग काळा रंगवलेला असतो, प्लॅस्टिकचे छत केवळ दक्षिणेकडे उतरते, आणि त्यामुळे बाहेर पाणी गोठत असताना आत पालेभाजी वाढते. उत्तर चीनमध्ये अशीच उत्तरेची जाड भिंत आणि रात्री छतावर टाकण्याची गवती चटई यांच्या जोरावर फार मोठ्या क्षेत्रावर इंधनाविना भाजीपाला पिकतो. सणसर १८ अंश अक्षांशावर आहे. येथे २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर, दक्षिणेकडे असतो. लडाखएवढी भिंत येथे लागणार नाही, पण दिशा तीच राहील.

घरच्या घरी हे किती साधते, याचा हिशेब कठीण नाही. पन्नास चौरस मीटर कागदाच्या लहानशा रोपघराला बाहेरच्या हवेपेक्षा पाच अंश उबदार ठेवायचे, तर दहा तासांच्या रात्रीत साधारण १५ युनिट उष्णता गळते. दोनशे लिटरचे पाण्याने भरलेले एक पिंप दहा अंशांनी निवताना सव्वादोन युनिटहून थोडी अधिक उष्णता देते. म्हणजे उत्तरेच्या बाजूला, दिवसभर ऊन लागेल अशी, काळ्या रंगाने रंगवलेली सहा-सात पिंपे पुरेशी होतात, आणि रात्री कागदाखाली दुसरा पडदा ओढला तर त्याहून कमीही चालतात. जुनी पिंपे या भागात दुर्मीळ नाहीत. ठिबकच्या काळ्या लॅटरलमधील पाणी दुपारी हात भाजेल इतके तापते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. सोळा मिलिमीटरच्या शंभर मीटर नळीत साधारण पंधरा लिटर पाणी मावते, आणि छोट्या पंपाने ते पिंपांत फिरवले की विकतच्या तापकाशिवाय सौर तापक तयार होतो.

याचा सर्वांत निकडीचा उपयोग उसाच्या रोपवाटिकांना आहे. एक डोळा पद्धतीने ट्रेमध्ये रोपे तयार करण्याची रीत २००९ नंतर शाश्वत ऊस उपक्रमामुळे झपाट्याने पसरली. त्यात कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये डोळे लावून ट्रे एकावर एक रचतात आणि सगळी थप्पी प्लॅस्टिकच्या कागदाने घट्ट गुंडाळून पाच ते आठ दिवस ठेवतात. आतील ओलावा, डोळ्यांच्या श्वसनाची उष्णता आणि झाकल्यामुळे अडलेली ऊब यांच्या जोरावर कोंब फुटतात. थप्पी उघडली की पांढरे टोकदार कोंब एका रात्रीत उठल्यासारखे दिसतात. थंडीत मात्र हेच दिवस लांबतात, कोंब एकसारखे निघत नाहीत, आणि विजेचे बल्ब लावून ऊब देण्याचा उपाय सुचवला जातो. थप्पीभोवती उन्हाने तापलेल्या पाण्याची पिंपे ठेवणे हा त्याहून सोपा, सुरक्षित आणि फुकटचा उपाय आहे.

मोठ्या प्रमाणावरचा संचय तर आधीच खोदून तयार आहे. गेल्या दोन दशकांत, आणि विशेषतः २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर, डाळिंब आणि द्राक्षांच्या या पट्ट्यात काळ्या अस्तराची शेततळी गावोगाव दिसू लागली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यात वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावते, आणि एवढे पाणी केवळ एका अंशाने निवले तरी दोन हजार तीनशे युनिट उष्णता सुटते. ही उष्णता सौम्य आहे, तिने पाणी उकळणार नाही. पण पहाटेच्या दहा अंशांच्या हवेत उबदार तळ्याचे पाणी हरितगृहाच्या वाफ्यांखालून नळीने फिरवले, तर रोपांना हवी तेवढी ऊब सहज मिळते. काळे अस्तर आणि वर सतत पडणारे ऊन यांमुळे शेततळे हा आपोआप भरणारा सौर साठा आहे, आणि तरीही त्याची गणना आजवर केवळ लिटरमध्येच झाली आहे.

शेततळ्याचे हे महत्त्व येत्या काळात वाढणार आहे, आणि त्याचे कारण सौर पंपात आहे. शेतीपंपांना रात्रपाळीने वीज मिळण्याच्या काळात शेतकऱ्याला बिबट्याच्या आणि विंचू-सापाच्या भीतीत, कडाक्याच्या थंडीत दारे धरावी लागत; त्या हालअपेष्टा संपाव्यात म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, पाठोपाठ २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली, आणि दिवसा वीज हा शेतकऱ्याचा हक्क आहे यात दुमत नाही. पण सौर पंप सूर्यास्ताबरोबर थांबतो, आणि त्याच्याबरोबर विहिरीचे उबदार पाणी रात्री पिकाला देण्याची जुनी सोयही थांबते. ती सोय टिकवायची असेल, तर दिवसा उपसलेले पाणी उंचावरच्या टाकीत किंवा शेततळ्यात साठवून रात्री उताराने, माणसाला शेतात उभे न करता, सोडण्याची व्यवस्था करावी लागेल.

हरितगृहाच्या अनुदानाच्या निकषांत कागदाची जाडी, पाइपचा व्यास आणि जाळीची छिद्रे यांचे तपशील असतात. त्यांत उत्तर बाजूच्या जलसंचयाची एक ओळ वाढवणे कृषी विभागाला अवघड नाही. त्याआधी मोजमाप व्हायला हवे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने, भवानीनगरच्या कारखान्याच्या ऊसविकास विभागाने आणि निमगाव केतकीच्या पानमळेवाल्यांनी येत्या डिसेंबर-जानेवारीत विहीर, शेततळे, पानमळा आणि पॉलीहाऊस या चारही ठिकाणी साधे तापमापक लावून पहाटे पाच वाजताच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या गावच्या चावडीवर लावाव्यात.